ऊसनोंदीची चौथी डिस्क

गोधडी पिळायला दोन माणसं लागतात. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आमच्याकडची रीत. घट बसायला तीन दिवस असताना मी आणि हौसा कॅनॉलच्या पाटावर गेलो. हौसा म्हणजे माझी बायको. जाड गोधडी पाण्यातून वर काढली की ती बोकडाएवढी जड होते. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"अवो, त्याच अंगाला काय फिरवताय? मी हिकडं पिळती, तुमी तिकडं पिळा की. चाळीस वर्सं झाली, अजून कळंना व्हय?"

"तूच उलटी फिरवती."

"व्हय, मीच उलटी. धरा नीट, सुटंल."

पिळल्या. भरावावर वाळत टाकल्या. घरी येऊन भाकरी खाल्ली. ती म्हणाली, जरा पडते. पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. एवढंच लिहितो. त्यापुढचं लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. अंकवाल्यांनी सांगितलंय, कारखान्यातल्या नोकरीवर लिहा. तेच लिहितो. शुद्धलेखन त्यांनी सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

मी आठवी नापास. कारखान्याचं नाव देत नाही. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, कुठलाही धरा. लागलो इलेक्ट्रिक खात्यात खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस म्हणून. पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या खोलीत एसी बसवला. त्या वेळच्या साहेबांचं मत असं, की मशीनला गार हवा लागते, माणसाला लागत नाही. एसी बिघडायचा, मला बोलावणं यायचं. एसी दुरुस्त करता करता मी त्या खोलीतच राहिलो.

खोलीत एक सर्व्हर होता. युनिक्सवर चालणारा. त्याला चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं. हुकूम टाइप करायचा, बरोबर असला तर तो ऐकतो, चुकला तर तोंडावर सांगतो. मला असला स्वभाव आवडतो. पुण्याहून इंजिनीअर यायचे, मी त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यायचो आणि बोटांकडं बघायचो. इंजिनीअर बदलत गेले. मी बदललो नाही. दहा वर्षांनी अशी वेळ आली की येणारा नवा इंजिनीअर मलाच विचारायचा, "तात्या, हे कुणी असं करून ठेवलंय?"

मला इंग्रजी येत नाही. अक्षरं ओळखतो. मग मी हुकूम कसे शिकलो? संध्याकाळी चहा पिताना दिवसभर काय काय टाइप केलं ते हौसाला सांगायचो आणि ती वहीत लिहायची. ती बेलापूरची, दहावी पास. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून घरातलं सगळं लिहिणं तिच्याकडं. किराणाची यादी, लेकीला पत्र, माझे रजेचे अर्जसुद्धा तिच्या हातचे. सही तेवढी माझी. वहीत ती इंग्रजी हुकूम लिहायची आणि खाली मराठीत त्याचा अर्थ. अर्थ समजल्याशिवाय लिहायची नाही.

"ह्या शेवटी आडवी रेघ न् डी कशाला?"

"ती शेपटी हाय. शेपटी लावली की हुकूम बदलतो."

"मंग तुमाला लावायला पायजे एखादी."

लोक विचारतात, तात्या, तुम्ही त्या खोलीत सांभाळत काय होता? मी ऊसनोंद सांभाळत होतो. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी उसाची लागण करतो आणि कारखान्याकडं नोंदवतो: गट नंबर इतका, क्षेत्र इतकं, लागण अमुक तारखेची. ज्याची तारीख आधी, त्याची तोड आधी. हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या त्या क्रमानं फडात जातात. क्रम पुढं-मागं झाला तर कोणाच्या तरी उसाला तुरा येतो, आत पोकळ पडतो, वाळतो. मोठ्या माणसाचं काही अडत नाही, तो फोन करतो. ज्याचा अर्धा एकर आहे त्याच्याकडं फक्त तो क्रम असतो.

एक पुढारी दर दिवाळीला खोलीत यायचे. खुर्ची ओढून बसायचे. "तात्या, आमच्या पाव्हण्यांचं नाव जरा वर सरकवा ना." मी सांगायचो, "मशीन सरकवत न्हाई, दादा." ते खरंच मानायचे. मशीन सरकवतं. मीच सरकवत नव्हतो.

उलट्या बाजूनं कडूबाई यायची. वीस गुंठे ऊस, मालक वारलेले. नोंदीची पावती पिशवीत असायची, तरी तिला पडद्यावर बघायचं असायचं. मी तिचं नाव काढून दाखवायचो. तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावर बोट टेकवून म्हणायची, "ह्योच का मी? बरं. ऱ्हाऊ द्या आता हितंच."

आता डिस्क म्हणजे काय ते सांगतो. घरात चार कणग्या आहेत असं धरा. धान्य कोणत्या कणगीत आहे हे कारभारणीला माहीत, बाकीच्यांना नुसतं पीठ दिसतं. तशा आमच्या सर्व्हरला चार डिस्का होत्या आणि त्या चारींचा मिळून एक ग्रुप बांधलेला होता. ग्रुपमधल्या जागेचे भाग करून एकात नोंद, एकात वजनकाट्याच्या पावत्या, एकात पगार, असं ठेवलेलं. कामाच्या प्रत्येक भागाची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल ठेवायची. तिला मिरर म्हणतात. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही.

मात्र मेलेली डिस्क आपोआप ग्रुपमधून जात नाही. सर्व्हर तिला विसरत नाही. यादीत ती दिसत राहते आणि तिच्यापुढं लिहिलेलं असतं, मिसिंग. ती रीतसर काढावी लागते. काढायच्या हुकमाला दोन शेपट्या आहेत. डी लावलं तर त्या डिस्कवर जे जे असेल ते सोडून दे, असा अर्थ. एफ लावलं तर मला विचारत बसू नको, असा अर्थ. दोन्ही लावल्या की काम झटकन होतं. म्हणूनच मी त्या दोन शेपट्यांना भितो. नोकरीत एकदाही दोन्ही मिळून लावल्या नाहीत.

निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी अडलं की मला बोलवायचे. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला असाच गेलो होतो. नोंदीची जागा भरत आली होती. चौथी डिस्क जवळपास रिकामी होती. मी तिथं नवी मोठी जागा केली आणि नोंद तिकडं नेली. मिररला डिस्क उरली नाही. पाचवी डिस्क मागवा म्हणून सांगितलं, ती आली की येऊन मिरर करून देतो म्हणालो आणि घरी आलो. पाचवी आली नाही. त्याच सुमारास सगळ्याची नक्कल टेपवर काढून ठेवायचं मशीनही बिघडलं, तेही आणू आणू म्हणत राहिलं. मी परत विचारायला गेलो नाही. विसरलो.

हौसाचा तेरावा दसऱ्याच्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फोन वाजला. वैशाली मॅडमचा. मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी दोघं आले आणि गेले, मॅडम तिसऱ्या. संगमनेरच्या, इंजिनीअर, लागून सहा महिने झालेले, अजून कायम व्हायच्या होत्या.

"तात्या, मला माहितीये ही वेळ नाही विचारायची. चौथी डिस्क मिसिंग दाखवतेय. नोंद उघडत नाहीये. तुमच्याकडं तिचा नंबर आहे का? फक्त नंबर सांगा, काढायचा हुकूम पुण्याच्या कंपनीनं फोनवर दिलाय."

"कसला हुकूम दिलाय?"

त्यांनी वाचून दाखवला. शेवटी डी आणि एफ.

"मॅडम, मी येईस्तवर कशाला हात लावायचा न्हाई. चहा प्या तवर."

माझी थोरली बहीण, आक्का, तेराव्याला थांबलेली होती. दारात आडवी उभी राहिली. "काल तेरावा झाला न् आज निघाला? लोक काय म्हंतील?"

"लोकांचाच ऊस हाय त्यात," मी म्हणालो आणि फळीवरची वही पिशवीत टाकली.

खोलीत गेलो तर मॅडम आणि शेतकी अधिकारी साहेब दोघं उभे. साहेब उतावीळ. जामखेडकडच्या टोळ्या येऊन राहायला पाचटाच्या कोप्या बांधून बसल्या होत्या. दोन दिवसांत पहिला तोडणी प्रोग्राम लावायचा होता.

"या तात्या," साहेब म्हणाले. "वाईट झालं हो वहिनींचं. बरं, ते डिस्कचं काय ते लवकर उरका."

मॅडम म्हणाल्या, "भिंतीवर तुमचाच तक्ता आहे, तात्या. सगळ्याला मिरर आहे असं लिहिलंय. कंपनीचा माणूस म्हणतो, मेलेली डिस्क यादीत अडकलीय म्हणून नोंद उघडत नाही, घाबरायचं कशाला, काढून टाका. एका डिस्कशिवाय चालेल, म्हणतो."

तक्ता माझाच होता. जुना होता. मीही त्या घटकेला तेच मानत होतो, हे कबूल करतो. शेपट्या नकोत एवढंच माझं म्हणणं होतं. चौथीचा नंबर बघायला मी वही काढली. प्रत्येक डिस्कला सोळा आकडी-अक्षरी नंबर असतो, तो तिच्या अंगातच लिहिलेला असतो, आणि हौसानं प्रत्येकीला एक पान दिलं होतं. चौथीचं पान उघडलं. वर नंबर. खाली लिहिलेलं:

'ऊसनोंद हिच्यावर नेली. मिरर नाही. पाचवी आली की करायचा. ह्यांना आठवण करणे.'

त्याखाली वेगळ्या पेनानं: 'केली.'

त्याखाली: 'परत केली.'

मला आठवलं. दोन्ही वेळा आठवलं. एकदा मी जेवत होतो, म्हणालो, बघू. एकदा म्हणालो, तू काय माझी साहेब हायस का?

"मॅडम, हात काढा त्या कीबोर्डवरनं," मी म्हणालो. "नोंद हिच्यावरच हाय. नक्कल कुटं न्हाई. हे बटण दाबलं असतं तर नोंद गेली असती."

मॅडमनी दोन्ही हात मागं घेतले. "पण टेप?"

"टेप मागच्या पावसाळ्याआधीची. त्याच्यानंतरची लागण सगळी हिच्यात. म्हंजी ह्या हंगामाचा सगळा क्रमच."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाले, "मग गेली म्हणायची. काही हरकत नाही. मी गावोगावच्या गट ऑफिसांकडून नव्यानं यादी करून मागवतो. जमतं सगळं." त्यांच्या आवाजात मला दुःख ऐकू आलं नाही. नव्यानं केलेली यादी म्हणजे काय, हे मला पस्तीस वर्षांत चांगलं कळलंय. त्या यादीत पाव्हणे वर असतात आणि कडूबाई खाली. "फक्त मॅडम," ते पुढं म्हणाले, "हे तुमच्या काळात झालंय. जबाबदारी तुमच्यावर येते. लेखी खुलासा द्यावा लागेल."

"चूक माझी हाय," मी म्हणालो.

"तुम्ही आता कारखान्यात नाही, तात्या. तुमच्याकडून खुलासा कसा मागणार?" असं म्हणून ते गेले.

मी आधी डिस्कांची पेटी उघडली. डिस्क अशी बसल्या जागी नाहीशी होत नाही. मरायच्या आधी महिनाभर तक्रार करते. हिनं केली नव्हती. टॉर्च मारला. चारही डिस्कांच्या तोंडावर हळदीकुंकू आणि गंध. झेंडूची एक पाकळी.

बबन वायरमनला बोलावलं. माझ्या हाताखाली वीस वर्षं काम केलेला, आता तोही पन्नाशीचा.

"बबन, खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

"आमीच की. मॅडम रजेवर हुत्या. तुमी करायचा तशीच केली, तात्या. एकेक डिस्क बाहेर काढली, फडक्यानं पुसली, गंध लावलं, परत सारली. शेवटच्या डिस्कला मागं गंधाचं बोट लागलं थोडं, पन पुसलं."

"आधी मशीन बंद केलं हुतं का?"

"बंद करायचं असतं?"

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. इलेक्ट्रिक खात्यातली ही रीत मीच त्या खोलीत आणली. वर्षानुवर्षं मी डिस्का काढून पुसून ओवाळत आलो आणि बबन शेजारी ताट धरून उभा असायचा. बंद करायचं काम मी सकाळी लवकर येऊन एकटाच करायचो, ते त्यानं कधी बघितलंच नाही. मीही सांगितलं नाही. निवृत्तीनंतरही पूजेला मीच जायचो, यंदा घरी हौसाचे दिवस चालू होते. चालू डिस्क आत मिनिटाला हजारो फेरे फिरत असते. ती तशी उपटून टेबलावर ठेवली, जोडणीत ओलं गंध भरलं आणि परत सारली. म्हणजे ही दुसरी चूकही फिरून माझ्याच दारात आली.

बबन रडकुंडीला आला. "तात्या, मी देवाचं म्हनून केलं हो."

"रडू नको. स्पिरिट आण आन् दाढीचा ब्रश आण, कोरा."

दाराशी कडूबाई उभी होती. ती दसरा झाला की येतेच. पायऱ्यांवर कुजबुज झाली असेल. "तात्या, माझं नाव गेलं म्हंत्यात. व्हय?"

"अजून न्हाई. बस तिथं."

मशीन बंद केलं. चौथी बाहेर काढली. जोडणीच्या दातऱ्यांत गंध वाळून बसलं होतं. स्पिरिटनं दात अन् दात घासला. तासभर गेला. परत सारली, मशीन चालू केलं, सर्व्हरला सांगितलं की डिस्का पुन्हा मोज. त्यानं मोजल्या. तीन.

पुन्हा बंद. पेटीतल्या रिकाम्या खणात बसवली. पुन्हा मोज. तीन.

मॅडम म्हणाल्या, "तात्या, कंपनीला पाठवूया का? ते लॅबमध्ये उघडतात."

"महिना लावत्यात. तवर यादी नव्यानं हुईल."

डिस्कला कान लावला. आत मोटार नुसती हुंकारत होती, फिरत नव्हती. आतली चकती अडकलेली. एका पुण्याच्या इंजिनीअरनं मला फार मागं दाखवलेलं एक काम होतं. कुठल्या पुस्तकात ते नसेल आणि कोणी करू नये. डिस्क तळहातावर आडवी धरायची आणि मनगटानं एक झटका द्यायचा, दार उघडताना कडी फिरवतो तसा. जास्त दिला तर संपलं. कमी दिला तर काही होत नाही. त्या इंजिनीअरनं सांगितलं होतं, एकदाच जमतं, म्हणून आपल्याला काय पाहिजे ते आधी ठरवून ठेवा.

मी ठरवून ठेवलं. फिरली तर कोणता हुकूम पहिला, कोणता दुसरा, हे मॅडमना कागदावर लिहून काढायला लावलं. नोंद दुसऱ्या डिस्कवर सरकवायची तर तिथं जागा हवी होती. तिथं छपाईसाठी राखलेली जुनी जागा मोडून ती आधीच करून घेतली. सगळं मांडून झाल्यावर मशीन बंद करून डिस्क तळहातावर घेतली. बबन म्हणाला, "मी देऊ का, तात्या?" म्हणालो, "न्हाई. ही माझी हाय."

झटका दिला. सारली. चालू केलं.

आधी हुंकार. मग एक खरखर, आणि ती खरखर चढत चढत सरळ एक सूर झाली. मॅडमनी हुकूम टाकला. डिस्का मोजल्या गेल्या. चार. ग्रुपला पुन्हा जागं केलं. मिसिंगच्या जागी अ‍ॅक्टिव्ह आलं.

"आता सरकवा. कोणी काई बोलू नका," मी म्हणालो. बोलण्यानं डिस्कला काही होत नाही. मला होत होतं.

सरकवणं चालू असताना तो पडदा काही दाखवत नाही. थोड्या थोड्या वेळानं दुसऱ्या खिडकीतून विचारायचं, किती तुकडे पलीकडं गेले. मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो. आत काय चाललंय ते तळव्याला कळतं. मधेच एकदा सूर पडला, मॅडमनी तोंडावर हात घेतला, परत चढला. दुपारचं जेवण कोणी जेवलं नाही. कडूबाई पायरीवर बसून होती. तिनं बबनला विचारलेलं मी ऐकलं, "आत कुनी आजारी हाय का?"

चार वाजायच्या सुमारास मॅडम म्हणाल्या, "तात्या, पलीकडं सगळं आलं. चौथीवर काहीच नाही आता."

नोंद तपासून घेतली, उघडली. दहा ठिकाणी हात घालून बघितली. मग कडूबाईला आत बोलावलं. मॅडमनी तिचं नाव काढलं. तिनं बोट टेकवलं नाही, मॅडमच्याच डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

मी लगेच मिरर करायला लावला. छपाईच्या मोडलेल्या जागेतली उरलेली आणि पगाराचे जुने हिशेब हलवून मोकळी केलेली, अशी मिळून जागा निघाली. म्हणजे ती जागा मागच्या वर्षीही निघाली असती. पाचव्या डिस्कची वाट बघायची गरजच नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं. ते लिहायला मला आवडत नाही, म्हणून लिहितोय.

मिरर पुरा होतो तोच चौथीनं शेवटचा आवाज केला आणि ती थांबली. यादीत पुन्हा मिसिंग. सकाळसारखंच तिचं नावही गेलं होतं, हाक मारायला काही उरलं नव्हतं, नुसता सोळा अक्षरांचा नंबर. अशा वेळी काढायची तर त्या नंबरानंच काढावी लागते आणि एक अक्षर चुकवून चालत नाही. घरी ह्या नंबरांचा सराव करायचो तेव्हा हौसा चार-चार अक्षरं सांगून थांबायची, मी "हां" म्हटल्यावर पुढची चार. घाई केली की ओरडायची.

मॅडम कीबोर्डवर बसल्या. मी वही धरली. पहिली चार सांगितली. थांबलो. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

"हां म्हणा," मी म्हणालो.

"हां."

पुढची चार. "हां." पुढची चार. "हां." शेवटची चार.

"डी? एफ?" मॅडमनी विचारलं.

"काईच न्हाई. तिच्यावर आता काई न्हाई, सोडून द्यायला. नुसतं काढा."

त्यांनी बटण दाबलं. पडदा काही बोलला नाही. युनिक्सचं तसंच असतं, काम नीट झालं की तो गप्प बसतो, नुसती पुढची ओळ देतो. यादी काढली. तीन डिस्का, तिन्ही अ‍ॅक्टिव्ह. चौथीची ओळ नव्हती. मी ते बराच वेळ बघत राहिलो. मॅडमनी विचारलं, झालं ना सगळं? म्हणालो, झालं.

बाहेर पडताना साहेब व्हरांड्यात भेटले. नोंद वाचली हे त्यांना कळलं होतं. चेहरा फार उजळलेला नव्हता. "छान. छान झालं. पण मॅडमचा खुलासा आम्ही घेणारच. एमडी साहेबांकडं ठेवावं लागतं असलं. त्यांच्या कायम होण्याच्या कागदाबरोबर." ते हसून म्हणाले, "रीतच आहे ती."

घरी आलो. आक्कानं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर अंघोळ केली. कोरा कागद घेतला, पाटावर ठेवला आणि अर्ज लिहायला बसलो. आयुष्यातला पहिला. 'मे. कार्यकारी संचालक साहेब यांस' हेच तीनदा लिहावं लागलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, की ऊसनोंद चौथ्या डिस्कवर मी नेली, मिरर केला नाही, दोनदा आठवण करून दिली असताना केला नाही. डिस्का काढून पूजा करायची रीत मी पाडली, मशीन बंद करायचं असतं हे कोणाला शिकवलं नाही. वैशाली मॅडम आणि बबन वायरमन यांचा दोष नाही. त्यांच्याकडून खुलासा घेऊ नये. घ्यायचा तर माझा घ्यावा, हाच तो. सही करून पहिल्या बसनं कारखान्यावर गेलो आणि आवकच्या खिडकीत अर्ज सरकवला. शिक्का मारून नंबर टाकून पोच द्या म्हणालो. मागं नोंदीच्या कामाला आलेले पाच-सहा शेतकरी रांगेत होते, शेतकी अधिकारी साहेबांचा शिपाई होता.

क्लार्कनं कागद उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला. "तात्या, अक्षर कुणाचंय हे? काही लागंना."

"माझं हाय," मी म्हणालो. "आन हिकडं."

आणि खिडकीपाशी उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पहिल्यापासून सहीपर्यंत वाचून दाखवलं.